विमानातला पलंग आणि घाटातली डुलकी

गेल्या होळीच्या आधीची गोष्ट. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसे सणासाठी परतू लागली की मोलगीतल्या जीपवाल्यांना दिवसरात्र उसंत नसते. असाच एक चाळिशीचा चालक दवाखान्यात आला. डोके जड, डोळ्यांची आग, छातीत धडधड. रक्तदाबही वाढलेला. तपासता तपासता विचारले, "भाऊ, शेवटचे आडवे कधी झालात?" तो हसला नि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, रात्री आपल्या डोक्यावरून दिवे लुकलुकवत विमाने जातात. त्यांचा डायव्हर कधी झोपतो ते आधी सांगा, मग माझे सांगतो."

प्रश्न थट्टेचा होता. पण त्याचे उत्तर आपल्या देवगोई घाटाच्या कामाचे आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

वैमानिक झोपतो कुठे?

मुंबईहून थेट न्यूयॉर्कला जायला विमानाला पंधरा-सोळा तास लागतात. इतका वेळ एका माणसाचे डोळे शाबूत राहणार नाहीत हे गृहीत धरूनच अशा विमानात तीन किंवा चार वैमानिक असतात. दोघे विमान चालवतात, बाकीचे पाळीपाळीने झोपतात. बोईंग ७७७ जातीच्या लांब पल्ल्याच्या विमानात त्यासाठी प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोटात एक लहानशी खोली असते. अरुंद जिन्याने वर चढायचे. तिथे दोन पलंग आणि दोन खुर्च्या. पडदा ओढला की अंधार. विमानाला हादरे बसले तर माणूस फेकला जाऊ नये म्हणून पलंगालाही पट्टा असतो. खाली बसलेल्या प्रवाशांना बहुधा या खोलीचा पत्ताही नसतो.

जगभरच्या नियमांत अशा जागांच्या तीन प्रती ठरल्या आहेत. पहिली, वेगळ्या खोलीतला पलंग, जिथे आवाज कमी आणि उजेड व गारवा आपल्या हाती. दुसरी, पडद्याआड सपाट होणारी खुर्ची. तिसरी, मागे कलणारी आणि पायांना आधार देणारी खुर्ची. जागा जितकी चांगली, तितके जास्त तास काम करण्याची मुभा. म्हणजे झोप ही चैन नसून इंजिनातल्या तेलाइतकीच मोजून घेण्याची वस्तू आहे, हे विमानवाल्यांनी मान्य केले आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानेही जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या नियमांत वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली.

मंगळुरूचा धडा

ही शिस्त किती महाग पडून समजली, त्याचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ जण गेले. हे विमान लहान होते. वैमानिक दोघेच आणि झोपायला वेगळी जागा नाही. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशीत ध्वनिमुद्रण ऐकले गेले, तेव्हा मुख्य वैमानिकाच्या घोरण्याचा आवाज त्यात सापडला. दीड तासाहून अधिक झोपून उठल्यावर थोड्याच वेळात त्यांना विमान उतरवायचे होते. सहकाऱ्याने विमान पुन्हा वर घेण्यास सुचवूनही त्यांनी उतरणे सोडले नाही.

वाचकहो, यात समजून घेण्याची गोष्ट ही की, ते उतरण्याच्या वेळी जागे होते! गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा मिनिटे ते अर्धा तास मेंदूवर गुंगी असते. डोळे उघडे, हात चालतात, पण अंदाज चुकतो. त्यात पहाटे २ ते ६ ही वेळ अशी, की शरीराचे घड्याळ माणसाला झोपेकडेच ओढत असते.

उलट, बेताची झोप काय करते हेही तपासले गेले आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वैमानिकांना आळीपाळीने खुर्चीतच ४० मिनिटांची विश्रांती दिली होती. त्यांना सरासरी २६ मिनिटे झोप लागली, आणि पुढच्या प्रवासात न झोपलेल्यांपेक्षा ते अधिक सावध राहिले.

माझी चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी एका अडलेल्या बाईला रात्री खाली न्यायचे होते. भाड्याची जीप मिळाली. मी चालकाशेजारी बसलो. निघताना बाईची नाडी पाहिली, सलाईन पाहिले. चालकाकडे मात्र पाहिले नाही. घाटातल्या एका वळणावर जीप दगडांवर घासली आणि थांबली. पलीकडे अंधारी दरी. चालकाची मान छातीवर! तो दोन रात्री झोपला नव्हता, हे मी तेव्हा विचारले. आधी विचारायला अर्धे मिनिटही लागले नसते. बाई आणि बाळ सुखरूप राहिले, पण ते आमच्या सावधपणामुळे नव्हे, त्या दगडांमुळे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांच्या डुलकीत ५० मीटर पुढे जाते. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखा चालतो. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. दारू प्यालेल्या चालकाच्या गाडीत आपण बसत नाही. जागलेल्याला मात्र शाबासकी देतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानेच पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली होती. ज्याची स्वतःची जीप, त्याला ती कोण देणार?

काय करावे?

१. रात्रभराच्या फेरीला दोन चालक घ्या. एकाने मागच्या बाकावर आडवे व्हावे. ती जागा प्रवाशाला विकू नका.

२. पहाटे २ ते ६ या वेळेत घाट चढणे-उतरणे शक्यतो टाळा.

३. जांभया, डोळ्यांची जळजळ, मागचे गाव कधी गेले ते न आठवणे, ही धोक्याची घंटा. गाडी रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी उभी करून वीस मिनिटे झोपा. उठल्यावर लगेच चावी फिरवू नका. तोंड धुवा, पंधरा-वीस मिनिटे चाला.

४. चहा घ्यायचा तर झोपण्याआधी घ्या. त्याचा असर व्हायला अर्धा तास लागतो. तंबाखू, मोठ्याने गाणी, उघडी खिडकी यांनी झोप जात नाही, फक्त लपते.

५. सर्दी, खाज यांच्या काही गोळ्यांनी झोप येते. औषध घेताना आपण चालक आहोत हे डॉक्टरांना सांगा.

६. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे हा आजार असू शकतो. तपासून घ्या.

त्या चालकाला मी गोळ्या लिहून दिल्या आणि दवाखान्यातल्याच बाकावर झोपवले. चार तास तो हलला नाही. उठला तेव्हा रक्तदाब बराच उतरला होता. जाताना म्हणाला, "वरच्या डायव्हरला पलंग आहे, साहेब. मला कोण देणार?"

उत्तर गाडीत बसणाऱ्या आपल्यापाशी आहे. भाडे ठरवताना एवढेच विचारा, "दादा, झोप झाली का?" नाही म्हणाला तर त्याला अंगणात खाट टाकून द्या आणि तासभर उशिरा निघा.