भाषणाविना भरलेल्या बैठका

१९६८ सालची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये लिओनोर वेक्सलर सकाळी रस्ता ओलांडत होत्या. त्यांचा तोल जाताना पाहून एका पोलिसाने हटकले, ‘एवढ्या सकाळी दारू प्यायला लाज वाटत नाही?’ त्यांनी दारू घेतलेली नव्हती. थोड्याच दिवसांत निदान झाले: हंटिंग्टन रोग. त्यांचे वडील आणि तिन्ही भाऊ याच रोगाने गेले होते.

हा रोग बहुधा तिशी-चाळिशीत डोके वर काढतो. हातपाय आपोआप हलू लागतात, स्वभाव पालटतो, विचारांची साखळी तुटते आणि पंधरा-वीस वर्षांत माणूस संपतो. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला रोग असेल, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. लिओनोर यांच्या दोन मुली, ॲलिस आणि नॅन्सी, त्या वेळी विशीत होत्या.

त्यांचे वडील मिल्टन वेक्सलर मनोविश्लेषक होते. लिओनोर यांच्यापासून ते विभक्त झालेले, पण बातमी कळताच मुलींसाठी त्यांनी संशोधनाला पैसा आणि माणसे जमवायला सुरुवात केली. त्यातून ‘हेरेडिटरी डिसीज फाउंडेशन’ उभे राहिले. पैसा बऱ्याच संस्था जमवतात. मिल्टन यांचे खरे मोठेपण मला दिसते ते त्यांनी बैठका कशा भरवल्या, यात.

पंधरा-वीस जण, त्यात तरुणांचा भरणा. तयार निबंध वाचायचा नाही, स्लाइड दाखवायच्या नाहीत. मनात जे घोळत असेल, ते अर्धवट असले तरी मांडायचे. सुरुवातीला रुग्ण किंवा रुग्णाच्या घरातले कोणीतरी येऊन आपली कहाणी सांगणार. आयुष्यभर यीस्टवर किंवा जिवाणूंवर काम केलेल्या संशोधकाने हा रोग झालेला माणूस पाहिलेलाही नसे. इथे तो समोर बसलेला असे. परिषदेत शास्त्रज्ञ हाती आलेले निष्कर्ष सांगतात आणि हाती न आलेले घरी ठेवतात. मिल्टन यांना नेमके ते घरी ठेवलेलेच हवे होते.

ऑक्टोबर १९७९ मधल्या अशाच एका बैठकीत एका नव्या कल्पनेवर जोरदार वाद झाला. डीएनए ठरावीक जागी कापणारी विकरे तेव्हा प्रयोगशाळेत रुळली होती. या कापण्याच्या जागा माणसागणिक थोड्या बदलतात, म्हणून तुकड्यांची लांबीही बदलते. हे फरक रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांसारखे वापरता येतील, असे डेव्हिड हाउसमन आणि डेव्हिड बॉटस्टाइन यांना वाटत होते. एखादी खूण आणि रोग पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उतरत असतील, तर सदोष जनुक तिच्याजवळच असणार. मतभेद होता तो वेळेवरून. आधी साऱ्या जनुकसंचाचा नकाशा करावा, मग रोगाकडे वळावे, असा एक पक्ष. हाउसमन यांचे म्हणणे, आत्ताच शोधू लागू. त्यांचा तरुण सहकारी जेम्स गुसेला कामाला लागला.

यासाठी हवे होते प्रचंड मोठे कुटुंब. ते होते व्हेनेझुएलात, माराकाइबो सरोवराच्या काठी. तिथल्या वस्त्यांत अमेरिको नेग्रेट या डॉक्टरांनी १९५०च्या दशकातच हा रोग ओळखला होता. १९७२ साली ओहायोतल्या परिषदेत त्या रुग्णांची चित्रफीत दाखवली गेली, तेव्हा नॅन्सी प्रेक्षकांत होत्या. १९८१पासून त्या दरवर्षी पथक घेऊन तिथे जाऊ लागल्या. लोक रक्त द्यायला बिचकत. तेव्हा पथकातल्या परिचारिकेने नॅन्सींचा दंड धरून त्यावरचा व्रण सगळ्यांना दाखवला: हिची आईही याच रोगाने गेली, हिनेसुद्धा त्वचेचा नमुना दिला आहे. मग लोक पुढे आले. पुढच्या वर्षांत चार हजारांहून अधिक नमुने मिळाले आणि अठरा हजारांहून जास्त माणसांची वंशावळ उभी राहिली.

अनेक दशके लागतील असे वाटणारे काम १९८३ सालीच फळले. गुसेला यांना चौथ्या गुणसूत्रावर खूण सापडली. यात नशिबाचा वाटा मोठा होता. प्रत्यक्ष जनुक गाठायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. एकमेकांशी चुरस करू शकणारे अमेरिका आणि ब्रिटनमधले सहा गट या काळात माहिती वाटून घेत राहिले. मार्च १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात शोध छापून आला, तेव्हा लेखकाच्या जागी एकाही व्यक्तीचे नाव नव्हते. तिथे ५८ शास्त्रज्ञांच्या समूहाचे नाव होते. विज्ञानात पहिल्या नावासाठी किती झुंबड असते हे माहीत असणाऱ्याला याची किंमत कळेल.

दोष साधा निघाला. जनुकाच्या सुरुवातीला ‘सीएजी’ ही तीन अक्षरे लागोपाठ येतात. निरोगी माणसात ती सव्वीसपर्यंत वेळा, रोग्यात बहुधा चाळीस किंवा अधिक वेळा. त्यामुळे बिघडलेले प्रथिन तयार होते आणि चेतापेशी मरतात.

दोष कळला म्हणून औषध मिळाले असे झाले नाही. हातापायांच्या हालचाली आवरणारी औषधे आहेत, मूळ रोग थांबवणारे एकही नाही. प्रथिनाची निर्मिती घटवणाऱ्या एका औषधाची मोठी चाचणी २०२१ मध्ये थांबवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये एका कंपनीने मेंदूत सोडलेल्या जनुकीय उपचाराचे आकडे जाहीर केले: जास्त मात्रा मिळालेल्या १२ रुग्णांत तीन वर्षांनंतर रोगाचा वेग ७५ टक्क्यांनी कमी. आशा वाटावी असा आकडा आहे. पण रुग्ण थोडे आणि तुलना चाचणीबाहेरच्या रुग्णांशी, म्हणून जपूनच घ्यायला हवा.

मिल्टन २००७ साली, ९८व्या वर्षी गेले. आपल्यालाही हाच रोग आहे, हे नॅन्सी यांनी २०२० मध्ये जाहीर केले.

माराकाइबोच्या काठावरची कुटुंबे आजही हलाखीत जगतात. जगभर वापरली जाणारी या रोगाची निदानचाचणी त्यांच्या रक्तावर उभी आहे. त्यांच्यासाठी १९९९ मध्ये सुरू झालेले शुश्रूषागृहही पुढे बंद पडले. हे देणे अजून फिटलेले नाही. उपचार हाती येईल तेव्हा तो आधी त्या वस्त्यांत, फुकट पोहोचला पाहिजे. बॉस्टन आणि लंडनच्या रुग्णालयांचा नंबर त्यानंतर.