हादग्याची फुले ताजी कशी ठेवाल?

गेल्या आश्विनात एक आजी नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. पोराला सकाळपासून जुलाब होत होते. आदल्या रात्री हादग्याच्या फुलांची भाजी झाली होती. फुले धुऊन, ओलीच पिशवीत घालून चार दिवस फ्रीजमध्ये ठेवलेली. "बुळबुळीत झालेली तेवढी काढून टाकली हो डॉक्टर," आजी म्हणाल्या. जुलाब भाजीनेच झाले असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ती फुले खायला नको होती.

फूल तोडले तरी त्याचा श्वासोच्छ्वास चालू राहतो. साठवलेली साखर खर्च होते, पाणी उडते, पाकळ्या मलूल होतात. थंडीने हे मंदावते, थांबत नाही. जंतूही फ्रीजमध्ये मरत नाहीत, सावकाश वाढतात. ओलावा मिळाला की बुरशीचे फावते.

म्हणून फुले सकाळी तोडावीत. किडलेली काढून, न धुता, स्वच्छ कोरड्या कापडात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवावीत. ४ अंश सेल्सिअसची थंडी पुरे. बर्फाच्या कप्प्यात पेशी फुटून फुलांचा लगदा होतो. पिकलेली केळी, टोमॅटो जवळ नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर कोमेजतात. धुणे आणि मधला कडू भाग काढणे भाजी करतेवेळीच करावे. दोन दिवसांत फुले संपवावीत. बुळबुळीत झाली वा वास आला, तर सगळीच टाकावीत.

हाराची फुले मात्र खाऊ नयेत. त्यांवरची फवारणी थंडीने जात नाही.

नातू जलसंजीवनीने दोन दिवसांत बरा झाला. आजींनी आता डब्यात कापड घातले आहे.