बाबूराव पेंटर यांचा ‘सावकारी पाश’ आणि भीमथडीचा कर्जबाजारी शेतकरी

मूकपटांच्या काळात पौराणिक कथानकांचे प्राबल्य असताना शेतकऱ्याच्या कर्जबाजारीपणाला चित्रपटाचा विषय करणारे दिग्दर्शक म्हणून कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. मूळच्या चित्रकार असलेल्या बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

ना. ह. आपटे यांच्या कथेवरील ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटात सावकाराच्या कारस्थानाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली.

या कथानकामागील वास्तव बारामती-इंदापूर परिसरात अर्धशतक आधीच प्रकट झाले होते. रयतवारी आकारणीची सुधारित पद्धत १८३५-३६ च्या सुमारास प्रथम इंदापूर तालुक्यात लागू झाली. रोख सारा भरण्यासाठी शेतकरी कर्ज काढी. कर्जरोख्याच्या आधारे सावकार न्यायालयाचा हुकूमनामा मिळवी आणि जमीन हस्तगत करी. १२ मे १८७५ रोजी सुपे (सध्याचा बारामती तालुका) येथे या अन्यायाविरुद्ध उठाव झाला. तो अनेक गावांत पसरला व कर्जरोखे जाळले गेले. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही झाला.

तथापि रोखे जळाले, तरी कर्जाची गरज निर्माण करणारी व्यवस्था टिकून राहिली. म्हणूनच १९२५ मध्ये हा विषय जिवंत होता आणि १९३६ मध्ये बाबूरावांनी त्यावर बोलपटही काढला. थोडक्यात, या चित्रपटातील गिरणी म्हणजे शेतकऱ्याची सुटका नसून त्याच्या पाशाचे केवळ स्थलांतर होय.