गोल्फपटूची वाटचाल : बालवयापासून व्यवसायापर्यंत

लोअर परळ म्हटले की गिरण्यांच्या चिमण्या, चाळी आणि कबड्डीचे सामने आठवतात. गोल्फ कोणास आठवत नाही. वस्तुतः ताडदेवनजीकच्या विलिंग्डन क्लबचे गोल्फ मैदान येथून फार दूर नाही. तथापि ते सभासदांचे मैदान आहे, आणि गोल्फपटू कोठे घडतो याचे अर्धे उत्तर त्यातच आले.

या खेळात लहानसा चेंडू काठीने टोलवून कमीत कमी फटक्यांत एकामागून एक अठरा होलमध्ये पोहोचवावयाचा असतो. प्रतिस्पर्धी आडवा येत नाही. झुंज असते ती मैदानाशी आणि स्वतःच्या मनाशी. म्हणूनच हाताला वळण लहानपणीच लागावे लागते. अमेरिकेचे टायगर वूड्स यांनी बोलू लागण्याच्या वयातच काठी हाती धरली, 1996 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातर्फे महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळविले आणि त्याच वर्षी ते व्यावसायिक झाले.

व्यावसायिक होणे म्हणजे केवळ मान नव्हे. स्पर्धा बहुधा चार दिवस चालते. दोन दिवसांनंतर मागे पडलेले खेळाडू वगळले जातात व सहसा रिकाम्या हाती परततात. प्रवासाचा व कॅडीचा खर्च मात्र चुकत नाही.

पुण्याचे उदयन माने 2014 च्या आशियाई स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून उतरले व 2015 मध्ये व्यावसायिक झाले. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांना प्रवेश मिळाला तो अर्जेंटिनाच्या खेळाडूने माघार घेतल्यावर. 2021 च्या त्या स्पर्धेत पहिल्या दिवशी त्यांना 76 फटके लागले. दुसऱ्या दिवशी 69. साठ खेळाडूंत ते अखेर 56 वे आले. आकडा लहान वाटेल, पण पहिल्या दिवसाच्या घसरगुंडीनंतर सावरणे सोपे नव्हते.

आता जागेचा प्रश्न. कबड्डीला 13 बाय 10 मीटर पुरतात. अठरा होलच्या मैदानास शंभर ते दीडशे एकर लागतात. मुंबईतील साऱ्या गिरण्यांची जमीनच सुमारे सहाशे एकर. 1991 च्या नियमांनी तिचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी ठेवला होता. 2001 च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला. तेथे गोल्फ मैदान झालेच नसते, हे खरे. परंतु पहिले धडे मैदानाविना देता येतात : एक चटई, समोर भक्कम जाळी आणि मुलाच्या उंचीची काठी. शाळेच्या अंगणात एवढे मावते.