विद्यापीठांतील पोलो

पोलो म्हणजे राजेरजवाड्यांचा खेळ, ही समजूत अगदींच खोटी नाहीं. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांचा पहिला सामना १८७८ सालीं झाला, तेव्हां घोडे बाळगणें श्रीमंतांचेंच काम होतें. अमेरिकेंतील विद्यापीठांनीं मात्र घोडा नसलेल्या विद्यार्थ्यालाहि वाट करून दिली. तेथें घोडे बहुधा क्लबाचे, पुष्कळदां दान मिळालेले; पागा झाडणें, खरारा करणें हीं कामें सभासद मुलामुलींचींच. नवशिका आधीं लाकडी घोड्यावर बसून चेंडू टोलवावयास शिकतो. सामना बंदिस्त रिंगणांत. दोहों बाजूंस तीन-तीन खेळाडू, साडेसात मिनिटांचें एकेक ‘चकर’.

नवल पुढेंच आहे. पाहुणा संघ बहुधा घोडे आणीतच नाहीं. यजमानाच्या घोड्यांचे दोन गट पाडून चकरागणिक त्यांची अदलाबदल करतात. ज्या घोड्यावरून प्रतिपक्षानें गोल केला, त्याच्यावरच पुढें आपण स्वार व्हावयाचें. हरल्यावर घोड्याला बोल लावण्याची सोय नाहीं.