दीड कोटींवरून पुन्हा ३० लाखांवर. राजवर्धन हंगरगेकरचा भाव का उतरला?

बीडला लागून असलेल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरचा हा वेगवान गोलंदाज. ५ फेब्रुवारी २०२२ रोजी भारतानं १९ वर्षांखालील वर्ल्ड कप जिंकला. आठच दिवसांत आयपीएल लिलावात ३० लाख मूळ किमतीच्या राजवर्धनला चेन्नईनं दीड कोटींना घेतलं. बोली लागली ती मुख्यतः त्या एका स्पर्धेतल्या वेगावर आणि षटकारांवर.

पहिला हंगाम बाहेर बसूनच गेला. ३१ मार्च २०२३ रोजी पदार्पणात गुजरातविरुद्ध ३६ धावांत ३ बळी. लखनौविरुद्धच्या पुढच्या सामन्यात मात्र दोनच षटकं, बळी एकही नाही. चेन्नईकडून सामने एवढेच. तीन हंगामांत दोनदाच मैदानात उतरलेल्या पोरानं दीड कोटी वसूल करून द्यायचे तरी कसे?

नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात लखनौनं त्याला घेतलं, मूळ किमतीलाच.