अहिराची वाट आणि बरणीतले नमुने

केजपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी खोल समुद्रातल्या वामांच्या जुन्या नमुन्यांचा प्रश्न या तालुक्याच्या वेशीपर्यंत येऊन पोचतो. आपल्या नद्यांतला अहीर हाही वामच; तो वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला जातो तो थेट हिंदी महासागरात. तिथे जन्मलेली पिल्लं नदीच्या मुखातून प्रवाहाविरुद्ध वर चढतात. केज तालुक्यात धनेगावला अडवलेली मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. ही वाट एकेक करून बंद होत गेली. १८५२ मध्ये दौलेश्वरमचा बंधारा, १९३१ मध्ये निझामसागर, मग श्रीरामसागर, धनेगाव, सिंगूर. त्याआधी नदीत कोणता मासा कुठवर येत होता, हे ठामपणे सांगायचं तर ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी असलेला नमुनाच हवा. धरण झाल्यावर तो नव्याने मिळवता येत नाही.

आता फोटो आहेत, डीएनए आहे, मग मेलेले मासे बरण्यांत कशाला जपायचे, असं विचारलं जातं. उत्तर 'डाना' या डॅनिश जहाजाच्या एका बरणीत आहे. १९३० मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ त्याच्या जाळ्यात वामाच्या अळीसारखी दिसणारी, पारदर्शक, तब्बल १८४ सेंटिमीटर लांबीची अळी आली. वामाच्या बोटभर अळीचा पुढे केवढा मासा होतो, हे प्रमाण लावून हिचा तीसेक मीटरचा सागरी सर्प होणार, असा तर्क गंभीरपणे मांडला गेला. १९७० मध्ये डेव्हिड स्मिथ यांनी दाखवून दिलं की अशा अळ्या वामांच्या नव्हेतच. त्या खोल समुद्रातल्या वेगळ्याच गटाच्या आहेत आणि रूपांतरानंतर त्या फारशा वाढत नाहीत. चाळीस वर्षांनी हे पडताळता आलं, कारण अळी जपलेली होती. फोटोत तेवढंच दिसतं, जेवढं काढणाऱ्याला त्या दिवशी महत्त्वाचं वाटलं.

नमुना हरवला की काय होतं, तेही दख्खनने पाहिलं आहे. कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णनं छापली. त्यांतल्या 'मुसुल्ला' या माशाचा मूळ नमुना उरला नाही, आणि तो महासीर की दुसराच कोणी, हा घोळ पावणेदोनशे वर्षं चालला. याउलट 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावरच्या अल्फ्रेड अल्कॉक यांनी खोल समुद्रातले मासे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमवून १८९९ मध्ये त्यांची सूची छापली. त्यामुळे त्यांनी वर्णिलेल्या वामांवरचा वाद वस्तू समोर ठेवून करता येतो.

फॉर्मालिनमधल्या जुन्या नमुन्यांतून डीएनए काढणं अवघड, हा आक्षेप मात्र खरा. म्हणून आता मांसाचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. आणि जीव घेण्याबद्दल म्हणाल, तर मांजरेच्या बाबतीत त्यासाठी वेगळं जाळं टाकायची गरज नाही. बाजारात आलेल्या माशांतलाच एखादा, चिठ्ठीसकट, भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रात पोचला तरी पुरे.